बंदुकीच्या नळीवरचा अंगठा

मी तसा वाईट माणूस नाही. पण त्या दिवशी होतो, आणि त्याचं मला अजूनही वाईट वाटत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी माझ्या पश्चात्तापाची वाट बघत कुणी बसायला नको.

पालघरात परवान्याच्या बंदुका दुरुस्त करणारं एक दुकान आहे. त्याच्या मागच्या खोलीत मी काम करतो. जुन्या रायफलच्या नळीवरचा निळा-काळा रंग घासून उडाला की तो परत आणायचा, हे माझं काम. ह्याला भट्टी लागत नाही की उकळत्या टाक्या लागत नाहीत. एक छोटी बाटली, कापूस आणि धीर, एवढंच भांडवल. आधी तेल आणि बारीक स्टील वूल घेऊन गंज काढायचा. मग नळी ॲसिटोननं अशी पुसायची, की तेलाचा मागमूस राहता कामा नये. मग बाटलीतलं निळं पाणी कापसानं फिरवायचं. लोखंड बघता बघता काळवंडतं. धुवायचं, घासायचं, परत लावायचं. असे चार-पाच हात झाले की सर्वांत शेवटी तेल.

दुकानात आम्ही ह्याला ‘काळं फासणं’ म्हणतो. शब्द मालकांचा. मालक शिरगावचे, वयानं माझ्या वडिलांसारखे. गिऱ्हाईक आलं की ते आतल्या दाराकडे तोंड करून ओरडतात, “अरे, ह्यांना काळा फासायचा हाय!” नवीन गिऱ्हाईक दचकतं, मालक पोट धरून हसतात. वर्षानुवर्षं तोच विनोद, पण मालकांना तो शिळा होत नाही.

ह्या कामात एकच नियम पाळायचा. ॲसिटोननं पुसलेल्या नळीला उघडं बोट लावायचं नाही. लावलं तर बोटाचा घाम तिथं बसतो, निळं पाणी तेवढ्या जागी धरत नाही, आणि आपल्या खाऱ्या हवेत दुसऱ्या दिवशी तिथंच गंज उगवतो. म्हणून हातमोजे. पण मी हातमोजे घालायला लागलो ते बंदुकांच्या आधीपासून, आणि त्याला कारण एक माणूस.

त्याआधी मी बोईसरच्या एका कारखान्यात ग्राइंडिंगला होतो. आमच्या मशीनवरून निघालेल्या शाफ्टमध्ये तोंड बघून भांग पाडता यायचा. आमचे सुपरवायझर घाटावरचे, आवाज मोठा, हौस त्याहून मोठी. एका खंडेनवमीला मशीनांची पूजा झाली आणि त्यांच्या डोक्यात आलं, की पेटीत भरायला तयार असलेल्या मालाचीही पूजा करायची. “लक्ष्मी आहे ती, तिला कोरडी कशी पाठवायची?” म्हणाले. तबक घेऊन स्वतः फिरले, पाण्यात अंगठा, मग कुंकवात अंगठा, मग शाफ्टवर अंगठा. एकही शाफ्ट सोडला नाही. मग मला म्हणाले, पुसून तेल लाव आणि भर. मी पुसलं, तेल लावलं, भरलं.

महिन्याभरात माल परत आला. प्रत्येक शाफ्टवर अंगठ्याएवढा गंजाचा डाग, कुंकवाच्याच जागी. मी तसं सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी सगळ्या लाइनसमोर माझं मनगट धरून हात वर केला, पकडलेल्या चोराचा धरतात तसा. “ह्याच्या हाताला गंज आहे. काही लोकांचा घामच तसा असतो. पुसायला ह्याला सांगितलं, ही माझी चूक.”

काही लोकांचा घाम तसा असतो, हे खरंच आहे. लोखंडात काम करणाऱ्या कुणालाही विचारा. म्हणून तर कुणाला शंका आली नाही. त्या दिवसापासून मी ‘गंज्या’ झालो. हिंदीवाल्यांनी ‘जंगवाला भाई’ केलं. मला मशीनवरून काढून भंगाराच्या आवारात टाकलं, आणि सहा महिन्यांनी तिथूनही. नाव मात्र सुटलं नाही. दांडी गावात माझ्या सासुरवाडीपर्यंत पोचलं, तिथं सासूबाईंनी ‘गंज्या’चं ‘गांज्या’ ऐकलं आणि जावई गांजा ओढतो म्हणून देवाला नवस बोलल्या. लोक हे ऐकून अजून हसतात. मीही हसतो, पण माझं हसू दाताच्या आतच राहतं.

सगळ्यात जास्त संताप कशाचा सांगू? मला ते पटलं होतं. अकरा वर्षं मी माझ्याच हातांना घाबरून राहिलो. घरात विळी, कोयता धरताना पंचा गुंडाळायचो. दिवाळीला देव उजळायला बसलो नाही. बायको म्हणायची, “अवो, पितळ गंजत नाय. तुमी काय येडे झाले काय?” मी तरी पंचा सोडायचो नाही. माणसाला एकदा सगळ्यांसमोर नाव ठेवलं की तो तसाच वागायला लागतो.

यंदा नवरात्राच्या आधी दुकानात एक जुनी रायफल आली. निवडणुकीच्या काळात परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात, तिथून ती ओल खाऊन परत येतात आणि आमचा हंगाम सुरू होतो. रजिस्टर मालक लिहितात, त्यामुळे रायफल कुणाची ते मला ठाऊक नव्हतं. मी गंज काढला, नळी ॲसिटोननं पुसून लाकडी घोडीवर ठेवली. तेवढ्यात गिऱ्हाईकाला काम बघायची हौस आली म्हणून मालक त्याला आत घेऊन आले.

आवाज आधी ओळखला. माणूस नंतर.

सुपरवायझरनं मला ओळखलं नाही. तोंडावर मास्क, दाढी पांढरी, आणि तसंही त्यानं माझ्या तोंडाकडे कधी बघितलंच होतं कुठे? रायफल त्याच्या वडिलांची. खंडेनवमीला बंगल्यावर शस्त्रपूजन, सगळे मोठे लोक येणार. “नवीन दिसली पाहिजे बरं का, मामा,” मला म्हणाला. मग त्याची नजर माझ्या मोज्यांवर गेली. “हे बरं करता. आमच्या कारखान्यात एक होता, त्याच्या हाताला गंज होता. गंज्या म्हणायचो आम्ही त्याला!” आणि त्यानं मालकांना सगळी गोष्ट रंगवून सांगितली. माझा हात वर केला होता तो भागसुद्धा, अभिनयासकट. सांगता सांगता हसून वाकला आणि आधाराला त्यानं उजवा अंगठा नळीवर दाबला.

तो गेल्यावर नळी पुन्हा पुसायला मला एक क्षण लागला असता. बोळा हातात होता. मी पुसलं नाही.

त्या ठशावरूनच निळं पाणी फिरवलं. नळी काळी झाली आणि मधोमध अंगठा पांढरा राहिला, रेषा न् रेषा मोजता येईल असा. मग मी एक गोष्ट केली, जी अकरा वर्षांत केली नव्हती. लोखंडाचा एक तुकडा घासून, पुसून घेतला, मोजा काढला आणि त्यावर माझा अंगठा दाबला. तुकडा रायफलशेजारी ठेवला आणि घरी गेलो.

सकाळी नळीवरचा अंगठा केशरी झाला होता. माझ्या तुकड्यावर एक पुसट ठसा होता, बस्स. बोटानं पुसला तर गेला.

मला रडू आलं नाही. शिव्या आल्या. लहानपणी शिकलेल्या आणि बोईसरला शिकलेल्या, दोन्ही भाषांतल्या. मालक धावत आत आले, नळी बघितली. “साफ कर ना, परत मार. धा मिनटाचा काम.” हो म्हणालो. केलं नाही. तेलही लावलं नाही.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तो न्यायला आला. रायफल उजेडात धरली, खूश झाला, मग भुवया आवळल्या. “हा डाग कसला?”

“अंगठा ठेवून बघा, साहेब.”

त्यानं ठेवला. बरोब्बर बसला. बाटलीला तिचंच झाकण बसावं तसा.

“पुसून टाका ना,” तो म्हणाला. आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता.

“ॲसिटोन संपलंय.” भरलेला डबा माझ्या मागच्या फळीवर होता. मालकांनी डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि त्यांना एकदम रजिस्टरात काहीतरी महत्त्वाचं सापडलं.

मी मास्क खाली ओढला. “तुमच्या गोष्टीतला गंज्या मीच.” मग दोन्ही मोजे काढले, रायफल त्याच्या हातातून घेतली, उघड्या दहा बोटांनी नळी घट्ट धरली आणि परत दिली. “उद्या कुंकू लावताना नीट बघा. माझी दहा बोटं आहेत आणि तुमचा एक अंगठा. कुणाचा हात गंजतो ते पाहुण्यांनाही दाखवा.”

त्यानं सगळ्यात आधी काय केलं असेल, तर अंगठा पँटला पुसला. मग रायफल खोळीत घातली आणि गेला. परत आला नाही. ते लोखंड त्यानं तिकडे कुणाकडून पुसून घेतलं असेल तर घेवो. अंगठा तर त्याला बदलून मिळणार नाही.

मोजे मी अजून घालतो, ते निळं पाणी कातडी खातं म्हणून. पण त्या दसऱ्याला घरातले सगळे देव मी उघड्या हातांनी चिंचेनं घासले, आणि बायको शेजारी बसून एकेक देव पुसून ठेवत राहिली.

तो गेला त्या दुपारी मालकांनी रजिस्टर मिटलं. मग नेहमीसारखे आतल्या दाराकडे तोंड करून ओरडले, “काय रे, फासला काय काळा?”

“फासला,” मी म्हणालो.

त्या दिवशी तो विनोद मला पहिल्यांदा कळला.