डाव्या खांद्यावर दोन थापा

मी असल्या गोष्टी मानत नाही. इथे लिहिणारा प्रत्येकजण हेच म्हणतो, ठाऊक आहे. पण आमच्या बौद्ध घरात गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं वाचली जायची. भूत, भगत, अंगात येणं — या सगळ्याविरुद्ध मी स्वतः लिहिलंय, आणि त्यातला एक शब्दही मागे घेणार नाही. तरीही हे सांगतेय...

कोहमाऱ्याला माझ्या दादाचं गॅरेज होतं. भागीदार इस्माईलभाई. दिवसभर ट्रक, आणि सवड मिळाली की दादाची जुनी पेट्रोल कार. तिला त्यानं टर्बो बसवला होता. टर्बो इंजिनात जास्त हवा कोंबतो. त्या मापात पेट्रोलही वाढवावं लागतं. ते गाडी पळवत लॅपटॉपवर जुळवायचं. पेट्रोल कमी पडलं तर पिस्टन वितळतो. म्हणून दादाचा नियम — चालवणाऱ्यानं फक्त रस्ता पाहायचा, बाजूच्यानं फक्त आकडे. आकडा बिघडला की बाजूच्यानं चालवणाऱ्याच्या डाव्या खांद्यावर दोन थापा मारायच्या, की त्यानं लगेच ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायचा. त्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही.

त्या रविवारी इस्माईलभाई लग्नाला गेले होते.

"चाल ना वो बाई, आकडे पाहाले कोनी नाही," दादा म्हणाला.

"मले चिचगडले पत्रकं वाटाची आहेत. उद्या येतो."

"जाय. लोकायले शहाणं कर, भाऊ राहू दे येडा."

हसत एकटाच गेला. देवरीच्या पुढे, सरळ रस्त्यावर, भर दुपारी गाडी झाडावर गेली. दादा जागीच गेला. लॅपटॉप बाजूच्या सीटवर उघडा होता. त्याची नजर कुठे होती, ते कोणी सांगायची गरज नव्हती.

पाच महिन्यांत इस्माईलभाईंनी तीच गाडी दुरुस्त करून पुन्हा उभी केली. दादाचं काम अर्धं ठेवायचं नाही, हा हट्ट माझा. तोच रस्ता, दुपारचे तीन. ते चालवत होते, लॅपटॉप माझ्या मांडीवर. ते झाड आलं... आणि मी दोन्ही हातांनी ओढणी तोंडावर दाबली. आकडे पाहिलेच नाहीत. दुसऱ्यांदा.

गाडी एकदम हळू झाली.

"क्या हुआ?" इस्माईलभाईंनी विचारलं.

"कुठे काय?"

"तूने ठोका ना. दो बार." त्यांनी डावा खांदा दाखवला. मग माझ्या हातातली ओलावलेली ओढणी पाहिली आणि गाडी कडेला घेतली.

लॅपटॉपमध्ये सगळं नोंदलेलं असतं. त्यांनी पाय उचलला त्याच क्षणी पेट्रोल कमी पडायला लागलं होतं. पंपाची वायर सैल निघाली. अजून काही सेकंद, आणि इंजिन गेलं असतं.

मी म्हटलं, मेकॅनिकचा कान आहे, आवाज बदललेला कळला असेल. ते म्हणाले, "आवाज सही था, बेटा." मी म्हटलं, जुनी सवय, अंगाला भास झाला. मग नेमका त्याच क्षणी का? इस्माईलभाई म्हणतात, तो होता. मी त्यांच्याशी भांडते.

भांडण संपवून घरी येते तेव्हा मात्र वेगळंच सलतं. तो नसेलच, तर प्रश्न मिटला. पण असेल... तर मी वीतभर अंतरावर रडत बसले होते. मला साधा स्पर्शही केला नाही.

काऊन रे दादा?