विरोधात लिहू का?

मेलबर्नच्या लांबलेल्या लॉकडाऊनमध्ये माझी डँडेनॉन्गच्या ट्रॅव्हल एजन्सीतली नोकरी गेली. विमानंच उडत नव्हती, तिकिटं कोणाला विकणार? एका मैत्रिणीने घरबसल्या टायपिंगचं काम मिळवून दिलं. रेकॉर्डिंग ऐकायचं आणि शब्दन् शब्द उतरवून पाठवायचा. युनिव्हर्सिटीतली लेक्चर्स, इन्शुरन्सवाल्यांच्या मुलाखती, असलं काय काय यायचं. नवरा पहाटे वेअरहाऊसच्या शिफ्टला जायचा, सात वर्षांची लेक डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून शाळेत बसायची, आणि मी बेडरूमचं दार लावून हेडफोन चढवायचे.

थंडी सरत आली होती तेव्हा एक वेगळंच रेकॉर्डिंग आलं. अमेरिकेतल्या कुठल्याशा राज्याच्या समितीपुढची सुनावणी. ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांना कपड्यांखाली पिस्तूल लपवून बारमध्ये जाऊ द्यावं की नाही, यावर लोक आपलं म्हणणं मांडत होते. प्रत्येकाला तीन मिनिटं.

सुरुवातीला मला त्याची गंमत वाटली. एक माणूस म्हणाला, मी पीत नाही, बायकोला घेऊन जेवायला जातो, मग पिस्तूल गाडीत चोराच्या हवाली करून का जाऊ? ते ऐकून मी नकळत मान डोलावली. मग एक बारवाली बोलली. पिस्तूलवाल्याने प्यायची नाही असा नियम तुम्ही करताय, पण ते लपवलेलं असेल तर कोणाला दारू द्यायची नाही हे मला कळणार कसं? मी तिलाही मान डोलावली.

त्यानंतर एक म्हातारा आला. आवाज जड, सावकाश. तो म्हणाला, शेजारच्या राज्यात याला परवानगी आहे. तिथे एका बारमध्ये तो मित्राची वाट बघत बसला होता. कोणीतरी मागून भरभर त्याच्याकडे आला. म्हाताऱ्याने वळून गोळी झाडली. जो मेला, तो माणूस म्हाताऱ्याची काउंटरवर राहिलेली टोपी द्यायला आला होता. कोर्टाने म्हाताऱ्याला सोडलं. हे सगळं त्याने बाजारभाव सांगावा तशा सुरात सांगितलं. मग म्हणाला, “मी प्यायलो नव्हतो. सगळे आधी तेच विचारतात. मी एक थेंबही प्यायलो नव्हतो.”

तीन मिनिटं संपली होती. अध्यक्षांनी विचारलं, आपण बाजूने की विरोधात?  मग तेच सौम्यपणे म्हणाले, “मला काहीतरी एक लिहावं लागेल. विरोधात लिहू का?”

बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग एक शब्द, आणि नेमकी त्याच क्षणी कोणाची तरी खुर्ची सरकली. इंग्रजीतलं हो म्हणणारं ‘या’ की नाही म्हणणारं ‘ना’, काही कळेना.

मी ते वीस-पंचवीस वेळा ऐकलं असेल. आवाज वाढवला, वेग कमी केला. वेग कमी केला की त्याचा श्वास लांबायचा आणि कोणीतरी माझ्या मानेजवळ उभं आहे असं वाटायचं. दोनदा तर मी खरंच मागे वळून पाहिलं.

दुपारी नवरा आला. मी त्याला सगळं सांगितलं आणि म्हटलं, तुझे कान चांगले आहेत, तू ऐक. त्याने कामाचे बूटही न काढता पलंगाच्या कडेला बसून दोनदा ऐकलं.

“‘ना’ म्हणतोय,” तो म्हणाला. “विरोधात लिहू नका म्हणतोय.”

“एवढं झाल्यावर? मला तर ‘या’ वाटतंय.”

त्याने हेडफोन मांडीवर ठेवला. त्याच्या भुवईवर एक जुना व्रण आहे. विद्यार्थी असताना तो एका पबच्या किचनमध्ये ग्लास धुवायचा, तिथे ओल्या फरशीवर पाय घसरला, असं त्याने मला लग्नाआधी सांगितलं होतं. त्या दुपारी त्याने सांगितलं, की तो घसरला नव्हता. पबमधूनच दोघं त्याच्या मागे लागले होते आणि स्टेशनबाहेर त्यांनी त्याला मारलं होतं. त्यानंतर सहा महिने तो बॅगेत भाजी चिरायची सुरी घेऊन फिरत होता.

मी विचारलं, मग ती बाळगणं का सोडलंस?

“ट्रेनमध्ये एकाने मागून खांद्यावर हात ठेवला. माझा हात बॅगेत गेला. सुरी पेपरात गुंडाळलेली होती, ती सुटेपर्यंत त्याचा युनिफॉर्म दिसला. तिकीट तपासणारा होता.” मग म्हणाला, “पेपर नसता तर मी मारली असती. मला माहीत आहे.”

बाहेरून लेकीने “बाबा, आय ॲम हंग्री” म्हणून हाक मारली. तो उठला, बूट काढून हात धुतले आणि तिला टोस्ट करून दिला. मी त्याचे हात बघत राहिले. नऊ वर्षांच्या संसारात मी ते तसे कधी बघितले नव्हते.

कामाचा नियम होता, ऐकू न आल्यास अंदाजाने लिहायचं नाही. मी ‘अस्पष्ट’ असं टाइप केलं, वेळ नोंदवली आणि फाइल पाठवून दिली. त्याच सुनावणीचं दुसऱ्या दिवसाचं रेकॉर्डिंग आलं, तेव्हा तब्येत बरी नाही असं खोटंच कळवलं. त्या कायद्याचं पुढे काय झालं, ते मी शोधलं नाही. पण तो श्वास गेला नाही. इंडियन ग्रोसरीच्या रांगेत, मास्क लावून दीड मीटर अंतरावर उभ्या असलेल्या कोणाचाही श्वास मला तसाच ऐकू यायचा.

लॉकडाऊन उठल्यावर नवऱ्याच्या वेअरहाऊसमधल्या लोकांनी आम्हाला पबमध्ये लंचला बोलावलं. दारावर लशीचं सर्टिफिकेट दाखवून आम्ही आत गेलो. आम्ही सगळ्यांच्या आधी पोचलो होतो, टेबल रिकामंच होतं. नवरा वळसा घालून भिंतीकडच्या खुर्चीकडे गेला. तो नेहमीच अशी खुर्ची धरतो. समोरच्या टीव्हीवर मॅच दिसावी म्हणून, असं मला इतकी वर्षं वाटत होतं. त्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की टीव्ही त्याच्याच डोक्यामागच्या भिंतीवर होता; तिथून दिसत होतं ते दार.

“तुला बसायचंय का इथे?” त्याने विचारलं.

मी नाही म्हटलं आणि दाराकडे पाठ करून त्याच्यासमोर बसले. लोक येत होते, माझ्या मागून जात होते. मी वळून पाहिलं नाही. प्रत्येक वेळी फक्त त्याच्या डोळ्यांकडे पाहत होते.