अणूतली रिक्त जागा

एटापल्लीच्या शाळेत मी मराठीची बाई. विज्ञानाच्या शिक्षकाचं पद रिक्त, म्हणून अणूही माझ्याच गळ्यात पडला. त्या दिवशी तपासणीला आलेले साहेब मागच्या बाकावर मोबाइल बघत बसले होते. मी शिकवत होते, "आधी शास्त्रज्ञांना अणू चारोळ्या घातलेल्या लाडवासारखा भरीव वाटायचा. मग सोन्याच्या पातळ पत्र्यावर कण मारून पाहिले, तर बहुतेक आरपार गेले. म्हणजे अणूचा बराचसा भाग रिक्त असतो."

एक पोरगी ताडकन उठली. "बाई, एवढी जागा रिक्त हाये, तं भरती काऊन नाई करत?"

वर्गात कोणी हसलं नाही. रिक्त म्हटलं की आमच्याकडे एकच अर्थ.

साहेबांनी मान वर न करताच सांगितलं, "प्रस्ताव वर पाठवलेला आहे."