माधवीची बदली

कुंभिवलीजवळच्या त्या पॅकिंग कंपनीत बदली हा प्रकार देवधर्मासारखा पाळला जायचा. पास एकीचा, कामावर दुसरी. टोपी आणि मास्क चढवला की सगळ्या बाया सारख्याच दिसतात. घरात पाहुणे आले, पोर आजारी पडलं, की जावेला नाहीतर बहिणीला पाठवून द्यायचं. हजेरी लागायची पासवालीची. ठेकेदार पदूशेठला हे ठाऊक होतं. त्याला राबणारे हात हवे होते, तोंडं कुणाची का असेनात.

माधवी या कलेत पटाईत. थोरली सून म्हणून पास तिच्या नावाचा आणि धाकटी जाऊ मेघा ही तिची कायमची बदली. मेघाचं बाळ अजून अंगावर पीत होतं, पण माधवीची कंबर धरली की मेघाने कामावर जायचं, हा त्या घरचा कायदा. मेघा बिचारी तक्रारसुद्धा हसत हसत करायची.

अशाच एका बदलीच्या दिवशी कंपनीत तपासणी आली. फोनला जोडलेली छोटीशी पट्टी छातीला लावायची. हृदय थकायला लागलं असेल तर माणसाला कळायच्या आधी एआय सांगतं, तेही दोन-चार वडापावांच्या पैशांत. बायांना तर फुकटच. मेघा बसली, नाव माधवीचं सांगितलं. लाल निशाण आलं.

तिने घरी येऊन निरोप दिला. "ताई, तुमचं हृदय कमजोर हाय म्हणं. पनवेलला सोनोग्राफी करायला सांगितलीय."

पट्टी कुणाच्या छातीला लागली होती, हा प्रश्न घरात कुणालाच पडला नाही. बदलीने गाळलेला घाम पासवालीच्या नावावर, तर बदलीने आणलेला आजारही पासवालीचाच! जिना चढताना आपल्याला धाप लागते, हे माधवीला लगेच आठवलं. नवरा तिला हंडा उचलू देईना. कंपनीने उभ्या कामावरून काढून तिला खुर्चीवर लेबलं चिकटवायला बसवलं. इतकं कौतुक तिच्या वाट्याला लग्नातही आलं नव्हतं. सोनोग्राफी मात्र ती पुढे पुढे ढकलत राहिली.

पाणी, भाकऱ्या, गोठा, सगळं मेघावर येऊन पडलं. तिच्या पायांना सूज यायला लागली. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून ती भिंतीला टेकून झोपायची.

"बाळंतपण अंगातनं गेलं नाय गं अजून," सासू म्हणायची.

माधवीने एकदा तिचा पाय बोटाने दाबून पाहिला. खळगा तसाच राहिला. मनात पाल चुकचुकली, पण माधवीने ती हाकलून लावली. खरं बोलावं तर बदली उघडी पडणार, पास जाणार आणि खुर्ची तर जाणारच. खुर्ची सोडणं तिच्या फार जिवावर आलं होतं.

शेवटी कंपनीने बजावलं, रिपोर्ट आणा. माधवी पनवेलला गेली. कामावर अर्थातच मेघा.

डॉक्टरीणबाई पडद्यावर बघून म्हणाल्या, "तुमचं हृदय तर ठणठणीत आहे. त्या दिवशी तुम्हीच बसला होतात ना? दुसरं कुणी असेल तर आजच घेऊन या. लवकर सापडलं आणि गोळ्या सुरू झाल्या तर माणूस वाचतं, वर्षानुवर्षं जगतं."

"मीच होते की," माधवी म्हणाली.

परतीच्या एसटीत मात्र तिला लाज वाटली. घरी गेल्यावर मेघाला एकटीला गाठायचं, सगळं सांगायचं आणि कंपनीला पत्ता न लागू देता तिला दाखवून आणायचं, असं तिने ठरवलं. आपल्या या चांगुलपणाचं तिला कौतुकही वाटलं.

चौक गाव मागे पडलं आणि फोन वाजला. कंपनीतला नवा क्लार्क होता.

"माधवीताईंच्या घरचा नंबर ना? ताई कामावर कोसळल्या हो. दवाखान्यात नेलं, पण गेल्या. मशीननं आधीच सांगितलं होतं, हृदय कमजोर म्हणून. आपण कोण बोलताय?"

खरं नाव माधवीच्या ओठांपर्यंत आलं. पण ते सांगितलं की जावेला कुणी मारलं, हे गावभर होणार.

"मी मेघा," ती म्हणाली. "तिची जाऊ."