एकच मादी

त्या चिचुंद्रीला मी मारलं, हे माझ्या प्रबंधात कुठेही लिहिलेलं नाही. तिथे एवढंच आहे: एक प्रौढ मादी.

नव्वदच्या दशकात मी पीएचडीसाठी पुण्याहून बंगलोरला आले. प्रयोगशाळा हेब्बाळला, विषय घाटातले लहान सस्तन प्राणी. कातडी काढून, कापूस भरून नमुने तयार करायला अण्णा होते. तिथल्याच यशवंतपूरच्या जुन्या मराठी घरातले, निवृत्तीला आलेले. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी मला अक्काच म्हणायचे.

एका सकाळी डोंगरावरच्या राईत आम्ही जमिनीत पुरलेल्या डब्यात ती सापडली. अंगठ्याएवढी, काळपट, जिवंत. अण्णांनी तिच्या शेपटीवरून बोट फिरवलं.

"अक्का, ही वेगळी आहे. शेपटीवर लांब केसच नाहीत." त्यांनी तिला माझ्या तळहातावर ठेवलं. "स्वल्प थांबा. हिला सोडू. आणखी दिसल्या की मग एखादी घेऊ."

"सोडली तर पुन्हा मिळायची नाही, अण्णा."

त्यांनी पिशवीतून बाटली काढली. मग कानडीत होकार दिला, "सरी."

क्लोरोफॉर्मचा बोळा मीच टाकला.

पोट उघडलं तेव्हा आत तीन पिल्लं होती, मटकीच्या दाण्याएवढी. अण्णांचे हात थांबले. त्यांनी ती वेगळ्या बाटलीत ठेवली आणि चिठ्ठी स्वतः लिहिली. 

कवटी साफ केल्यावर दिसलं, वरच्या जबड्यातला शेवटचा बारीक दात तिला नव्हताच. तोवर माहीत असलेल्या तिच्या सगळ्या नातलगांना तो होता. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "एका कवटीवर नवी जात ठरत नाही. व्यंगही असू शकतं."

म्हणून अल्कोहोलमध्ये ठेवलेला यकृताचा तुकडा घेऊन मी डीएनएच्या मागे लागले. कित्येक महिने एक्स-रे फिल्मवर उमटलेल्या डीएनएच्या काळ्या रेघा एकेक करून वाचत होते. भर दुपारी, खोलीत माणसं असताना, तळहातावर तिच्या छातीची धडधड जाणवायची. मी हात पुसायचे, पुन्हा वाचायला लागायचे.

उत्तर स्वच्छ आलं. ती कुणाशीच जुळत नव्हती. मी आनंदाने ओरडले. सरांनी सगळं तपासलं आणि म्हणाले, "आता दुसरी आणा."

आम्ही गेलो तेव्हा राई उरली नव्हती. उतारभर चहाची रोपं लावलेली. आजूबाजूच्या डोंगरांवर पाचदा शोधलं, साधीच चिचुंद्री मिळाली. शेवटी त्या एकीवरच शोधनिबंध छापून आला.

अण्णा तोवर निवृत्त झाले होते. मी छापील प्रत घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांनी चित्रातल्या कवटीवर बोट ठेवलं.

"पिल्लांचा बाप तरी असेल ना अक्का, त्या राईत? तो कुठे गेला असेल?"

 त्यांच्या बायकोने पुढे केलेली कॉफी हातातच निवली.

त्यानंतर मी एकही प्राणी मारला नाही. डीएनएसाठी कानाची किंचितशी कडा कापून घेते आणि सोडते. जनावर गवतात शिरून दिसेनासं होतं, तरी मी तिथेच उभी राहते. बरोबरची माणसं पुढून हाका मारत असतात.