सुटलीच पाहिजे अशी गाठ

लूमखाली कापसाचा भुगा साचतो. तो कुणी मुद्दाम साचवत नाही, आणि झाडायला घेईपर्यंत किती साचला ते कळतही नाही. माणसाजवळचे किस्से तसेच. आता घरात ऐकायला कुणी नाही, म्हणून आज तुमच्यापुढे झाडतो आहे.

आणीबाणीच्या आधीची चार-पाच वर्षे. भिवंडीत टेमघरला आमची लहानशी शेड होती. भोवती सगळीकडे कापड. आमच्याकडे तीन बोटे रुंद नायलॉनची पट्टी, आणि तिच्यापासून मुंबईच्या गोदीत पाण्याखाली उतरणाऱ्या पाणबुड्यांचे वजनी पट्टे. पट्टीत शिशाच्या वड्या ओवायच्या, टोकाला बकल लावायचे. ओवणारे दोघे: वडपे गावचा काशिनाथ आणि इब्राहिमचाचा. तपासून सही करणारा मी. मॅट्रिक झालेला, म्हणून सगळे मला मास्तर म्हणत.

*

पहिल्याच दिवशी काशिनाथने ऑर्डर घेऊन आलेल्या पाणबुड्याला विचारले, "सायेब, मानूस बुडू नये म्हनून भोपळा बांधत्यात. तुमी शिसा बांधता?"

"रबरी पोशाख खाली जाऊ देत नाही. म्हणून वजन."

"मंग वर कसं येता?"

"जिवावर बेतलं तर बकल ओढायचं. पट्टा खाली, माणूस वर."

"आन् न्हाय सुटलं तर?"

"तर तक्रार करायला मी येणार नाही!"

शेडचे मालक, आमचे शेठ, हसले नाहीत. म्हणाले, "ज्याचा पट्टा सुटणार नाही, तो त्याच दिवशी घरी." त्यांची नजर चाचांवर होती. चाचांनी साठी ओलांडलेली. तीस वर्षे लूमच्या खडखडाटात एक कान गेलेला. शिफ्टला त्यांना कुणी घेत नव्हते. हे काम गेले तर भिवंडीत त्यांच्यासाठी दुसरे नव्हते, आणि ते आम्हा सर्वांना ठाऊक होते.

*

बकल निवडायला शेठनी चार नमुने आणले. काशिनाथने सर्वांत चकचकीत उचलले. "ह्ये लगीनघरात शोभंल!"

मी त्याच्या डोळ्यांवर रुमाल बांधला, हात साबणाने माखले आणि एका हाताने उघडायला सांगितले. चकचकीत बकल हातातून निसटत राहिले. मळकट दिसणारे, रुंद पट्टीचे बकल पहिल्या झटक्यात उघडले.

"मास्तर, बायको पन अशीच निवडायची का?"

"उजेडात शोभणारे पुष्कळ असते. अंधारात उपयोगी पडेल ते निवडावे."

पुढे त्याचे लग्न झाले. माझे त्याने ऐकले नव्हते, असे तो स्वतःच सांगे!

*

वडीला दोन खाचा असतात. पट्टी एका खाचेतून वर काढायची, अर्धा पीळ द्यायचा, मग दुसरीतून खाली घालायची. पीळ दिला की वडी जागची हलत नाही. काशिनाथला पीळ म्हणजे फुकटचा उद्योग वाटे.

एकदा त्याने बिनपिळाचा पट्टा कमरेला बांधला आणि पैज मारून धामणकर नाक्यापर्यंत चालत गेला. वाटेत सगळे शिसे डाव्या कुशीवर जमले. परतताना एका म्हातारीने त्याला थांबवले. "बाबा, पोटात दुखतंय का कुठं? तोंड पन वाकडं झालंय!"

त्या दिवसापासून तो पीळ देऊ लागला. उपदेशाने जे होत नाही ते म्हातारीने केले.

*

काशिनाथ डावखुरा. एकदा त्याने डझनभर पट्टे डाव्या हाताने उघडतील असे लावले. मी सगळे उसवले.

"मास्तर, उघडत्यात ना? मंग काय झालं?"

"बुडणाऱ्याचे हात चालत नाहीत तेव्हा दुसरा माणूस येतो. त्याचा हात कुठे जाईल, हे आधीपासून ठरलेले असावे."

काशिनाथ बकले पुन्हा लावायला बसला. माझ्या स्वतःच्या मदतीला कोण येईल, हे मात्र ठरलेले नव्हते.

*

चाचा आणि मी एकाच बाकावर डबा खात असू. ते त्या टोकाला, मी या टोकाला. माझे सोवळे त्यांना ठाऊक होते. त्यांनी कधी घास पुढे केला नाही.

एकदा मी विचारले, "चाचा, शेजारी बसून इतक्या मोठ्याने का बोलता?"

"मास्तर, लूम छूट गया, पर कान में अब भी चलता है." मग हसून म्हणाले, "अच्छा है. कमरे में अकेला नहीं लगता!"

त्या रात्री मी माझ्या खोलीत जप नेहमीपेक्षा मोठ्याने केला.

*

पट्टा बांधल्यावर बकलाबाहेर वीतभर टोक लोंबते. ते मोकळेच राहिले पाहिजे. अडकले तर बकल उघडूनही पट्टा सुटत नाही. पण चाचा जन्माचे विणकर. मोकळे टोक म्हणजे अर्धवट काम, ही त्यांची शिकवण. एका पट्ट्याचे टोक त्यांनी दुमडून एक सुबक टाका घालून बसवून टाकले. चाचांचे काम म्हणून मी तो पट्टा न ओढताच सही केली.

पाणबुड्याने माल नेण्याआधी शेडमध्येच तो बांधून पाहिला. बकल उघडले. पट्टा कमरेलाच राहिला.

शेठनी विचारले, "कोणाचं काम?"

"मेरा," चाचा म्हणाले.

"माझे," मी म्हणालो.

"टाका एक, आणि धनी दोन?" शेठ माझ्याकडे वळले. "मास्तर, तुम्ही खोटं बोलत नाही. टाका कोणी घातला?"

मी सांगितले, "टाका चाचांचा. न तपासता केलेली सही माझी."

शेठनी मला ठेवले.

*

चाचा कायमचे मुलुखाला, आपल्या गावी, निघाले तेव्हा मी नाक्यावर गेलो. त्यांच्याजवळ एक वळकटी आणि एक पिशवी होती. बसला अवकाश होता.

मी म्हणालो, "चाचा, खरे तेच सांगितले."

"सच बोला, उसका गिला नहीं, मास्तर. चार साल में एक बार मेरे कमरे पर चाय पीने नहीं आए, उसका है."

मी म्हणालो, "चला. आत्ता येतो."

चाचांनी वळकटी या हातातून त्या हातात घेतली.

"अब कहाँ, मास्तर! चाबी तो दे आया."