मोहाच्या झाडाचा निवाडा

एकोणीसशे पन्नासच्या दशकात मी शहाद्याकडे तलाठी होतो. नवी नोकरी, नवी छत्री आणि हायस्कुलात वादविवाद जिंकून पक्कं झालेलं एक मत: सरकारचा धाक नसेल तर माणसं एकमेकांचे गळे धरतील.

चैत्रात मामलेदारांकडे अर्ज आला. तोरणमाळच्या चढावर एका पाड्यात मोहाच्या झाडावरून दोन भाऊ काठ्या घेऊन उभे राहिलेत, मारामारी होईल. साहेबांनी मला पाठवलं. सोबत एक पोलीस शिपाई आणि पावरी बोली समजणारा आमचा कोतवाल. चढ असा, की निम्म्या वाटेत शिपायाने बूट काढून खांद्यावर टाकले.

पोचलो तर भांडण कुठे? दोघे भाऊ त्याच झाडाखाली शेजारी बसून भाकरी मोडत होते. कोतवाल चौकशी करून हसत आला. "आप्पा, झगडा कालच मिटी गया. आते बसा, जेवा."

पंचांनी निवाडा दिला होता: पूर्वेकडची फुलं थोरल्याची, पश्चिमेकडची धाकट्याची. ना वकील, ना स्टँप. आम्हीही उडदाची डाळ पोटभर ओरपली. एका म्हातारीने शिपायाच्या फोडांवर कसलासा पाला वाटून लावला. तो तिथेच घोरू लागला. मला माझ्या जुन्या भाषणाची लाज वाटली.

निघणार, तेवढ्यात एक बाई वाट अडवून उभी राहिली. या दोघांची विधवा भावजय. तिचं ऐकून कोतवाल गंभीर झाला. "ती म्हणस, झाड मन्हं शे. दोन्हीसनी वाटी लिधं."

झाड तिचं असेल आणि दिरांनी परस्पर वाटून घेतलं असेल, तर कागदात दिसेल म्हणून मी दप्तर सोडलं. सातबारा सकाळपासून माझ्याच काखेत होता. जेवणाच्या नादात उघडलाच नव्हता. झाड ज्या शेताच्या बांधावर होतं, ते तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या नावावर होतं.

मी कोतवालाकरवी म्हाताऱ्या पंचाला विचारलं, "हिला का नाही विचारलं?"

"ती भांडली नाही," तो म्हणाला. "मग काय विचारायचं?" त्याच्या बोलण्यात लबाडी नव्हती.

बाईने कोतवालाकरवी मला सांगितलं, "इथे सगळे त्यांचे. तुम्ही कोणाचेच नाही, म्हणून थांबवलं."

निकाल द्यायचा मला अधिकार नव्हता. मी सातबारा मोठ्याने वाचला, कोतवालाने तो पावरीत सांगितला. पंच पुन्हा बसले. असा गलका उठला की शिपाई दचकून जागा झाला आणि काठी शोधू लागला. तासाभराने ठरलं: झाड बाईचं. दिरांनी फुलं वेचावीत, पण निम्मी आधी तिच्या दारात टाकावीत.

धाकटा दीर तणतणत उठून गेला. पुढे दोन वर्षं तो भावजयीशी बोलला नाही, असं कोतवाल सांगायचा. मोहाच्या दिवसांत टोपली मात्र रोज सकाळी तिच्या दारात ठेवून जायचा.